तुरटी काय झाडाला लागती?

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आम्ही चार मैत्रिणी शहरातल्या एका प्रदर्शनाला गेलो होतो. एका गाळ्यावर लोकरीच्या शाली मांडल्या होत्या. रंग मात्र डोळ्यांत भरण्यासारखे होते. कुठे पिकल्या लिंबाचा पिवळा, कुठे विटकरी, कुठे ओल्या मातीसारखा करडा. प्रत्येक शालीला सुतळीने एक चिठ्ठी बांधलेली होती आणि तिच्यावर छापले होते, ‘वनस्पतींच्या रंगांत रंगवलेली, संपूर्ण रसायनमुक्त, धनगरांची पारंपरिक कला’. किंमत वाचून आम्ही शाल जागच्या जागी ठेवून दिली. मी धनगराच्या घरातली मुलगी. आमच्या घरात ही पारंपरिक कला आहे, हे मला त्या दिवशी प्रथमच समजले.

गाळ्यावरच्या ताईंना मी विचारले, रंग धुतल्यावर जात नाही का? त्या म्हणाल्या, रंग पक्का बसावा म्हणून आधी तुरटी देतो ना! घरी येऊन ही सगळी हकीकत मी आजीला सांगितली. चिठ्ठीवरचे शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले. आजी वाती वळत होती. मान वर न करता तिने विचारले, “आन् तुरटी काय झाडाला लागती व्हय गं?”

आम्ही दोघी हसलो. पण त्या एका प्रश्नाने माझी दिवाळीची सुट्टी खाऊन टाकली. नैसर्गिक रंग या विषयावर हल्ली पुष्कळ बोलले जाते. आपल्या महाविद्यालयातही गेल्या वर्षी त्यावर भित्तिपत्रक झाले होते आणि त्यातला मजकूर लिहिणाऱ्यांत मीही होते. पण ज्या गोष्टीवर आपण मत देतो ती आपल्या हाताने एकदा तरी केलेली असावी की नाही? म्हणून मी घरी लोकर रंगवून पाहिली. या लेखात जे मत मांडणार आहे ते त्या अनुभवातून आलेले आहे.

आधी आमच्या लोकरीविषयी थोडे सांगायला हवे. आमची मेंढरे दख्खनी जातीची. माणदेशासारख्या कोरड्या मुलखात खुरट्या गवतावर जगणारी, मैल मैल चालणारी. त्यांची लोकर राठ असते, तिच्यात केस पुष्कळ असतात. मऊ स्वेटर तिचे होत नाहीत. तिची होते घोंगडी. वर्षातून दोनदा मेंढरे धुऊन कातरायची, लोकर पिंजायची, बायकांनी कातायची आणि खड्ड्याच्या मागावर सणगरांनी विणायची, त्याआधी ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची, असा हा व्यवहार चालत आला. दख्खनी लोकर बहुतेक काळीच. थोडी करडी, थोडी तपकिरी, थोडी पांढरी. घोंगडीला जे पट्टे दिसतात ते याच लोकरी वेगळ्या ठेवून काढलेले. म्हणजे आमच्या घरातली परंपरा रंग देण्याची नव्हे, रंग निवडण्याची आहे. काळ्या लोकरीवर दुसरा रंग चढतच नाही, मग रंगवायचा प्रश्न येतोच कुठे?

वनस्पतीचा एक रंग मात्र आमच्या लोकरीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, तो म्हणजे भंडाऱ्याचा. जेजुरीला किंवा पट्टणकोडोलीला जाऊन आलेले घोंगडे घरी येते ते हळदीने माखून. पण तो रंग कुणी पक्का करत नाही. झटकला की निम्मा जातो, उन्हात टाकला की उरलेला जातो. तो देवाचा रंग, तो टिकावा अशी कुणाची अपेक्षाही नसते.

आज या लोकरीला भाव उरलेला नाही. पानिपतच्या जुन्या कपड्यांच्या धाग्यापासून केलेली स्वस्त ब्लँकेटे खेडोपाडी पोहोचली आणि घोंगडी मागे पडली. आमच्या घरची गोष्ट सांगायची तर गेल्या कातरणीला कातरणाऱ्यांना जी मजुरी द्यावी लागली तेवढीही लोकर विकून आली नाही. दोन पोती लोकर बांधाला खत म्हणून गेली. आबांनी ती स्वतः उलटी केली आणि त्या दिवशी ते कुणाशी बोलले नाहीत. म्हणून ती चिठ्ठी वाचून मला राग आला तशी आशाही वाटली. रंगाने जर या लोकरीला किंमत येणार असेल तर आपण नाक का मुरडावे?

अशा दुहेरी मनाने मी कामाला लागले. आजीने पाव किलो पांढरी लोकर निवडून, पिंजून, चार दुपारी चरख्यावर सूत काढून दिले. “वाटूळं केलंस तर तूच निस्तर,” असे बजावूनही दिले.

पहिले वाटोळे मी लगेचच केले. लोकरीत मेणचट चिकटा असतो, तो निघाल्याशिवाय रंग आत शिरत नाही. कपडे धुवायचा सोडा लोकरीला चालत नाही, म्हणून रिठ्याचे पाणी केले, एवढे शहाणपण मी दाखवले. पण कढत पाण्यात लड घालून ती लुगड्यासारखी चोळली आणि लगेच गार पाण्यात बुचकळली. लोकर आखडली, धागा धाग्याला चिकटला आणि लडीचा एक गोळा झाला. लोकरीच्या धाग्यावर बारीक खवले असतात. उष्णता, पाणी आणि चोळणे एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि मग काही केल्या सुटत नाहीत. आजीने तो गोळा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, “मेंढरू कधी चोळून धुतंय का कुणी?” त्यानंतर मी पाणी कोमट ठेवायला, लड नुसती दाबायला आणि पाण्यातल्या पाण्यात गार होऊ द्यायला शिकले.

मग तुरटी. लोकरीच्या वजनाच्या दहाव्या-आठव्या हिश्शाएवढी, म्हणजे पाव किलोला सुमारे ३० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात ओली लड सोडायची, तासभर मंद आचेवर ठेवायची, पाणी खळखळू द्यायचे नाही. तुरटी रंग देत नाही. ती धाग्याला धरते आणि रंगाला धरते, दोघांच्या मधली दुवा होते. लोकर प्रथिनांची बनलेली असल्यामुळे तिला ही धरपकड चांगली साधते. त्याचा पुरावा मला त्याच पातेल्यात मिळाला. लड सुटू नये म्हणून मी ती सुती दोऱ्याने चार ठिकाणी बांधली होती. कांद्याच्या टरफलांच्या पाण्यातून लड बाहेर आली ती सोनेरी-तांबूस होऊन, आणि तिच्यावरचे दोरे मात्र नुसते मळल्यासारखे दिसत होते. पाणी एक, आच एक, वेळ एक, पण दोघांचे रंगणे वेगळे.

कांद्याची टरफले मी बाजाराच्या दिवशी आडतीवरून गोळा केली. लोकरीच्या वजनाएवढी सुकी टरफले लागतात आणि पाव किलो टरफले म्हणजे एक भरगच्च पिशवी होते, हे तोवर माहीत नव्हते. डाळिंबाच्या साली मिळायला अडचण पडली नाही. सांगोला-आटपाडीकडे डाळिंबाच्या बागाच बागा आहेत. सालीचा रंग पिवळट आला. त्याच पाण्यात चिमूटभर हिराकस टाकताच पाहता पाहता तो हिरवट-करडा आणि मग जवळजवळ काळा झाला. हिराकस जास्त झाले की लोकर आणखी राठ होते आणि तुटू लागते, हेही कळले. हळदीला तुरटीचीही गरज नाही, ती आपली आपण चढते आणि सगळ्यांत झळकते. पळस माघ-फाल्गुनाशिवाय फुलत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी मला शिमग्यापर्यंत थांबावे लागले. पारिजातकाच्या देठांचा नारिंगी रंग काढावा म्हणून महिनाभर फुले वेचली, तर वीतभर धागा रंगण्यापुरतेही देठ जमले नाहीत. आणि निळा रंग तर मला साधलाच नाही. नीळ पाण्यात विरघळतच नाही. तिला आंबवणाचे पिंप लागते, त्यातून धागा पिवळट-हिरवा बाहेर येतो आणि हवा लागल्यावर निळा होतो. ते पिढीजात कसबाचे काम, सुट्टीतल्या हौसेचे नव्हे.

रंगवलेल्या प्रत्येक लडीचे मी दोन भाग केले. एक भाग पत्र्याच्या पेटीत ठेवला, दुसरा पश्चिमेच्या खिडकीत टांगला. पंधरा दिवसांत हळदीचा झळाळ निम्म्यावर आला. महिन्याने तो ओळखू येईना. कांद्याचा रंग थोडा उतरला. डाळिंबाचा मात्र टिकून राहिला. हळदीच्या धाग्यावर साबणाचे पाणी उडाले तेव्हा तिथे लाल डाग पडला. ही गंमत आपल्या सगळ्यांच्या घरात रोज घडते. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, आणि हळदीपासून कुंकू होते तेही याच गुणाने. पण शालीवर तो डाग पडला तर गिऱ्हाईक गंमत म्हणणार नाही.

आता माझे मत.

पहिली गोष्ट म्हणजे ‘रसायनमुक्त’ हा शब्द चिठ्ठीवरून काढून टाकला पाहिजे. तुरटी हे रसायन आहे, हिराकस हे रसायन आहे, आणि खरे पाहता हळदीतला पिवळा पदार्थ हेही रसायनच आहे. घरी रंगवणाऱ्याने तर हे विसरूच नये. ज्या पातेल्यात तुरटी आणि हिराकस घातले त्यात पुन्हा आमटी करू नये, हे आजीने मला पहिल्याच दिवशी सांगितले आणि एक जुने भगुणे कायमचे वेगळे काढून दिले. झाडापासून आले म्हणजे निरुपद्रवी आणि कारखान्यातून आले म्हणजे विषारी, ही वाटणी सोयीची आहे, खरी नाही. कारखान्यातल्या सगळ्याच रंगांची मी वकिली करत नाही. काही ॲझो रंगांतून घातक द्रव्ये सुटतात म्हणून जर्मनीने १९९४ साली आणि आपल्या सरकारने १९९७ साली अशा रंगांवर बंदी घातली. रंगशाळांच्या सांडपाण्याने नद्यांचे काय होते ते सर्वांना दिसते आहे. पण त्यावरचे उत्तर खोटी चिठ्ठी हे नव्हे.

दुसरी गोष्ट. नैसर्गिक रंगांचा काळ म्हणजे सुखाचा काळ, असे आपण समजतो. इतिहासाच्या तासाला चंपारण शिकताना माझ्या मनात आले होते की नीळसुद्धा शंभर टक्के नैसर्गिक होती! बंगालच्या रयतेने १८५९ साली नीळ पेरायला नकार दिला, १८६० साली दीनबंधू मित्रांचे त्या छळावरचे ‘नीलदर्पण’ नाटक प्रसिद्ध झाले. चंपारणात बिघ्यातल्या २० कठ्ठ्यांपैकी ३ कठ्ठ्यांवर मळेवाल्यासाठी नीळ लावायची सक्ती होती. पुढे १८९७ साली जर्मन कारखान्याची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि झाडाच्या निळीचा भाव पडला, तेव्हा तरी रयत सुटायला हवी होती. झाले उलटेच. निळीतून मोकळे व्हायचे तर वाढीव खंड द्या किंवा रोख भरपाई द्या, असे मळेवाल्यांनी सांगितले. १९१७ साली गांधीजी तिथे गेले ते यासाठी. म्हणजे रंग झाडाचा होता तेव्हाही भुर्दंड शेतकऱ्याला आणि रंग कारखान्याचा झाला तेव्हाही शेतकऱ्यालाच. तेव्हा रंग कशापासून केला, या प्रश्नाइतकाच तो कुणाच्या जिवावर केला, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

आणि कृत्रिम रंगांनी गरिबाचे काही भले केले हेही मान्य करायला हवे. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम हेन्री पर्किन नावाचा अठरा वर्षांचा, म्हणजे आपल्याच वयाचा विद्यार्थी कोळशाच्या डांबरातल्या पदार्थापासून क्विनीन करायला निघाला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. तिथून पुढे रंग स्वस्त होत गेले. माझ्या आजीच्या लग्नातले लुगडे लाल होते ते या स्वस्ताईमुळेच. तिला मंजिष्ठाच्या मुळांत रंगवलेले लुगडे कोण घेऊन देणार होते?

तिसरी गोष्ट आमच्या भागातली आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. मी हिशेब ठेवला होता. पाव किलो लोकर रंगवायला रिठ्याची दोन पाणी, तुरटीचे एक, रंगाचे एक आणि खळबळून काढायची दोन, अशी सहा पाणी झाली. प्रत्येक वेळी आठ-एक लिटर. म्हणजे जवळजवळ ५० लिटर पाणी आणि तीन तासांचे सरपण. तुरटीचे व रंगाचे पाणी पुन्हा वापरले तर हा आकडा खाली येतो, मी तो तिसाच्या आसपास आणला. पण उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वाडीत हे ५० लिटर कुणाच्या डोक्यावरून येतात? ते आईच्या आणि माझ्या डोक्यावरून येतात. शालीच्या चिठ्ठीवर झाडाचे नाव होते. लोकर कातणारीचे नाव नव्हते, विणणाऱ्याचे नव्हते, पाणी वाहणारीचे तर नव्हतेच. धनगर या जातीचे नाव तेवढे होते, कारण त्याला आता बाजारात किंमत आहे.

माझी एक मैत्रीण म्हणाली, “मग तुझं म्हणणं काय, रंगवूच नये?” तसे मुळीच नाही. माझे म्हणणे असे की जरूर रंगवावे, पण हिशेब उघडा ठेवून रंगवावे. काळी लोकर आहे तिला रंगवायच्या फंदात पडू नये. तिच्या काळ्या रंगाला एक थेंब पाणी जास्त लागत नाही, आणि तो चांगला दिसतो हे सांगायची लाज आपण सोडली पाहिजे. पांढरी लोकर थोडी असते, तेवढीच रंगवावी. त्यासाठी फुले तोडू नयेत, झाडांच्या साली सोलू नयेत. आडतीवरची टरफले आणि डाळिंबाच्या साली नाहीतरी उकिरड्यावरच जातात, त्या घ्याव्यात. रंगवण्याचे काम टंचाईच्या दिवसांत न करता पावसाळा सरल्यावर, विहिरींना पाणी असताना करावे. आणि चिठ्ठी लिहायचीच तर खरी लिहावी की, ‘डाळिंबाची साल व तुरटी वापरली आहे, उन्हात थोडा रंग उतरेल, सूत अमुक आजींनी काढले, विणले अमुक मामांनी’. अशी चिठ्ठी वाचून गिऱ्हाईक पळून जाईल असे मला वाटत नाही. गेलेच तर खोट्या चिठ्ठीवर आलेले गिऱ्हाईक पहिल्या धुण्याला जाणारच होते.

आपल्या महाविद्यालयाला माझी एक सूचना आहे. पुढच्या वर्षी या विषयावर पुन्हा भित्तिपत्रक न करता प्रत्येकाने पाव किलो लोकर घरी रंगवून पाहावी. लोकर आमच्या वाडीतून विकत घ्यावी आणि तिचा रास्त दाम द्यावा. शहरात राहणाऱ्या मित्रांना हे अवघड नाही. एक जुने भगुणे, चिमूटभर तुरटी आणि आठवडाभराची कांद्याची टरफले, एवढ्यावर वीतभर धागा तरी सहज रंगतो. रंग कसाही येवो. एकदा हात पिवळे झाले, एकदा लड आखडली, एकदा खिडकीतला धागा विटलेला पाहिला की मग आपण ‘नैसर्गिक’ हा शब्द जरा जपून वापरू. मी तरी जपून वापरू लागले आहे.

माझ्या रंगवलेल्या सुताचे वाडीतल्या सणगर मामांनी एक बसकर विणून दिले. मधे काळी लोकर, कडेला डाळिंबाचे आणि कांद्याचे पट्टे. हळदीचा एक पट्टा आजीने हट्टाने घालायला लावला. तो जाणार हे तिला माहीत होते. आज तो जवळजवळ पांढरा झाला आहे. ती रोज त्या बसकरावर बसून वाती वळते आणि आल्यागेल्याला सांगते, “हितं हळद हुती.”

या वर्षीच्या कातरणीला मी परीक्षेमुळे घरी नव्हते. गेले तेव्हा ओसरीच्या कोपऱ्यात एक लहान पोते वेगळे बांधून ठेवलेले दिसले. सोडून पाहिले तर आत नुसती पांढरी लोकर. आबांनी एकेक मेंढरू पाहून ती निवडून काढली होती. मी काही विचारले नाही, तेही काही बोलले नाहीत. मी फक्त रिठे किती शिल्लक आहेत ते पाहून आले.